नाटकाच्या इतिहासाचं संग्रहालय पाहायला जाताना

नाटकाच्या संग्रहालयात पहिल्यांदा जाणाऱ्याची ठरलेली निराशा होते, ती म्हणजे तिथे नाटक नसतं. चित्रकार गेला तरी चित्र उरतं. नटाचा प्रयोग मात्र पडदा पडला की संपतो, आणि मागे राहतात झगे, मुखवटे, दोर, कप्प्या, जाहिरातीची पत्रकं, रेघोट्या मारलेल्या संहिता. या सगळ्या वस्तू काचेच्या कपाटात, हातभर अंतरावर, स्थिर उजेडात मांडलेल्या असतात. त्यांपैकी एकही वस्तू अशी पाहण्यासाठी बनवलेली नव्हती. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच सवय आहे. प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून विचारायचं, की ही प्रेक्षकाला किती लांबून आणि कसल्या उजेडात दिसायची? एवढं जमलं तर फलक वाचले नाहीत तरी चालेल.

आधी संग्रहालय कुठल्या जातीचं आहे ते बघा

नाटकाची संग्रहालयं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात आणि तिन्हींची तयारी वेगळी.

पहिला प्रकार संग्रहाचा. कुणीतरी हौसेने आयुष्यभर जमवलेलं पुढे संस्थेकडे गेलं आणि त्याचं संग्रहालय झालं. मॉस्कोचं बाख्रुशिन संग्रहालय (1894) एका व्यापाऱ्याच्या छंदातून उभं राहिलं. म्यूनिकचं 1910 साली क्लारा झीगलर या अभिनेत्रीच्या देणगीतून झालं. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाचं संग्रहालय 1913 चं, आणि टोकियोच्या वासेदा विद्यापीठातलं 1928 चं. वासेदाची इमारतच शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनच्या फॉर्च्यून थिएटरच्या धर्तीवर बांधलेली आहे, तेव्हा तिथे आत शिरण्याआधी बाहेर उभं राहून दहा मिनिटं घालवायला हरकत नाही. अशा ठिकाणी आपल्या चालीने फिरता येतं.

दुसरा प्रकार म्हणजे जुनं थिएटरच जपून ठेवलेलं. स्वीडनमधलं ड्रॉटनिंगहोल्म (1766), चेक देशातल्या चेस्की क्रुमलोव्ह किल्ल्यातलं बरोक थिएटर, इटलीत विचेन्झाचं तेआत्रो ऑलिम्पिको. लाकूड, कापड आणि जुने रंग जपायचे असल्यामुळे यांतल्या लाकडी थिएटरांत बहुधा मार्गदर्शकाबरोबर, छोट्या गटाने आणि ठरलेल्या वेळीच आत सोडतात. थंडीच्या महिन्यांत काही बंदही असतात. तिथे 'जाऊ आणि बघू' चालत नाही, फेरी आधी राखून ठेवावी लागते.

तिसरा प्रकार म्हणजे एखाद्या नटाचं किंवा नाटककाराचं घर. हे लहान असतं, तासाभरात होतं, आणि अनेकदा याच घरांत सर्वांत जिव्हाळ्याच्या वस्तू सापडतात.

निघण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याची सूचना वाचा, जुन्या प्रवास-पुस्तकावर विसंबू नका. लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डनचं थिएटर म्युझियम 2007 साली बंद झालं आणि त्यातला संग्रह आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दालनांत पाहायला मिळतो. जुनं पुस्तक हातात धरून निघालेला माणूस भलत्याच दारापुढे उभा राहील. ला स्कालाच्या संग्रहालयातून ऑपेरागृहातल्या खासगी कक्षांत जाऊन प्रेक्षागार बघता येतं, पण आत तालीम चालू असेल तर ते दार बंद. एखादा विशिष्ट पोशाख बघायलाच जाणार असाल तर तो सध्या मांडलेला आहे का, हे पत्र पाठवून विचारा. कापड उजेडाने विरतं, म्हणून पोशाख काही महिन्यांनी उतरवून पुन्हा अंधाऱ्या कोठारात ठेवतात.

घरून निघताना एक नाटक वाचा

रंगभूमीचा इतिहास वाचून जायची गरज नाही. तो डोक्यात राहत नाही आणि संग्रहालयात फलकांवर असतोच. त्यापेक्षा शतकानुशतकं होत आलेलं एखादं नाटक वाचा, 'ईडिपस' किंवा 'हॅम्लेट' यांपैकी काहीही. मग दालनांतून तेच नाटक शोधत फिरा. एका पत्रकावर त्याचं नाव असेल, कुठे नेपथ्याची प्रतिकृती, कुठे हॅम्लेटचा काळा अंगरखा, कुठे छायाचित्र. ऑलिम्पिको 1585 साली उघडलं ते 'ईडिपस'च्याच प्रयोगाने, म्हणजे दोन हजार वर्षं जुन्या नाटकासाठी कोरं करकरीत थिएटर. असा एक धागा हातात असला की शेकडो वस्तूंच्या गर्दीत माणूस हरवत नाही.

आत गेल्यावर आधी थिएटरची प्रतिकृती गाठा

बहुतेक लोक दारातून थेट झगमगीत पोशाखांकडे वळतात. तसं करू नका. जुन्या थिएटरची लाकडी किंवा पुठ्ठ्याची प्रतिकृती कुठे आहे ते विचारा आणि तिच्यापासून सुरुवात करा, कारण अंतर आणि उजेड हे दोन्ही तिथे कळतात.

ग्रीक थिएटरची प्रतिकृती असेल तर डोंगरउतारावरच्या सर्वांत वरच्या पायरीवर बोट नेमा आणि तिथून खालचा नट केवढा दिसेल ते बघा. मुखवटे आणि ठळक हातवारे का लागले, हे आपोआप समजेल. शेक्सपिअरच्या काळातल्या थिएटरला मधलं अंगण उघडं होतं आणि प्रयोग दुपारी, भर उन्हात व्हायचे. नटाने हातात मशाल धरली की प्रेक्षकाने रात्र समजायची. 1989 साली लंडनमध्ये रोझ थिएटरचा पाया जमिनीखाली सापडला, त्यामुळे अशा प्रतिकृतींना आता निदान एका जागेचा पक्का आधार आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या ऑपेरागृहात बाजूच्या कक्षांतले लोक रंगमंचापेक्षा एकमेकांच्या समोर येतात. ती बांधणी चुकून झालेली नाही. तिथे येणाऱ्यांतल्या पुष्कळांना दिसायचं होतं, नुसतं बघायचं नव्हतं.

प्रतिकृती वरून बघू नका. गुडघे वाकवा, डोळा प्रेक्षकाच्या पातळीवर आणा, आणि मागच्या कोपऱ्यातल्या सर्वांत वाईट जागेवरून रंगमंचाचा किती तुकडा दिसतो ते तपासा. नेपथ्यकाराच्या प्रतिकृती बहुधा 1:25 या प्रमाणात असतात, म्हणजे दहा मीटर रुंदीचा मंच चाळीस सेंटिमीटरचा आणि माणूस साधारण सात सेंटिमीटरचा. आत कागदाचा एखादा माणूस उभा केलेला असतो. तो सापडेपर्यंत जिन्याची आणि दाराची उंची लक्षात येत नाही.

मग दोर धरून चला

यंत्रांचं दालन असेल तर सर्वांत जास्त वेळ इथे काढा. आमच्या अनुभवात लोक इथूनच घाईने निघून जातात, कारण दिसायला सगळं गोदामासारखं असतं.

रंगमंचावरचा राजवाडा डोळ्यांदेखत अरण्य कसा व्हायचा? सतराव्या शतकात व्हेनिसमध्ये जाकोमो तोरेल्लीने रूढ केलेली युक्ती अशी. दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या विंगा मंचाच्या फळ्यांवर नुसत्या टेकलेल्या नसतात. फळ्यांमध्ये लांब फटी असतात, फटींतून खांब खाली जातात आणि तळघरात प्रत्येक खांब चाकांच्या गाड्यावर उभा असतो. सगळ्या गाड्यांचे दोर एकाच मोठ्या रहाटाला जोडलेले. रहाट फिरला, की एक गाडा विंगेत मागे जातो आणि त्याच्या शेजारचा, पुढच्या देखाव्याचा गाडा मंचाकडे सरकतो, तेही दोन्ही बाजूंना एकाच वेळी. पडदा पाडायची गरजच नाही, कारण बदल हाच तमाशा होता. ड्रॉटनिंगहोल्मला हे सगळं मूळ रूपात अजून आहे. 1792 साली राजा तिसऱ्या गुस्ताव्हचा खून झाला, थिएटर ओस पडलं आणि 1921 पर्यंत कुणी फारसं तिकडे वळलंच नाही. या दुर्लक्षामुळेच यंत्रं वाचली, एरवी कुणीतरी सुधारणा करून ती मोडीत काढली असती.

अशा यंत्रापुढे उभं राहिलात की कुठलाही एक दोर निवडा आणि नजरेने त्याचा पाठलाग करा. तो कुठल्या कप्पीवरून वळतो, दुसऱ्या टोकाला वजन आहे की माणूस, ओढला तर काय वर जाईल? एका दोराचा प्रवास पुरा कळला की बाकीचं यंत्र आपोआप उलगडतं. मार्गदर्शकाला विचारायचा चांगला प्रश्न म्हणजे, 'हे चालवायला किती माणसं लागायची आणि त्यांना खूण कशी मिळायची?' तारखा तो न विचारताही सांगतो.

आवाजाची यंत्रं पुष्कळ ठिकाणी फिरवून बघू देतात. वारा म्हणजे पट्ट्या ठोकलेलं लाकडी पिंप, त्यावर ताणून टाकलेलं जाड कापड. हँडल हळू फिरवलं तर झुळूक, जोरात फिरवलं तर वादळ. दोन्ही करून बघा, कारण वेग बदलताना जो सूर चढतो त्यातच सगळी करामत आहे. गडगडाटासाठी दगड भरलेली पेटी उलटीपालटी करायची. ब्रिस्टलच्या 1766 च्या थिएटरात तर छतावर लाकडी पन्हळ आहे, तिच्यातून लोखंडी गोळे सोडत. प्रेक्षकाच्या डोक्यावरून खरोखर काहीतरी घरंगळत जायचं, ध्वनिवर्धकाला ते अजूनही धड जमत नाही. समुद्र म्हणजे पिळाच्या आकाराचे लांब निळे लाटणे, एकामागे एक लावलेले. जवळून ती सुताराची कामगिरी वाटते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं की लाटा येतात.

फिरत्या रंगमंचाची प्रतिकृती दिसली तर तारीख जरूर बघा. जपानमध्ये ओसाकात नामिकी शोझोने काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकारासाठी असा रंगमंच 1758 साली वापरात आणला, खालून माणसं तो ढकलत. युरोपात म्यूनिकला कार्ल लाउटेनश्लेगरने तो बसवला 1896 साली.

ऑलिम्पिकोतल्या रस्त्यांची गंमत प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही. कमानींतून मागे लांबच लांब गल्ल्या गेलेल्या दिसतात. त्या प्रत्यक्षात काही मीटरच्या आहेत, मागची घरं लहान लहान करत नेलेली आणि जमीन चढती. नट आत चालत गेला तर घरांच्या छपरांएवढा राक्षस होणार. म्हणून तो पुढेच उभा राहायचा.

उजेडाचं दालन वाचून मगच पोशाखांकडे जा

मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे, मग वायूचे दिवे (लंडनच्या थिएटरांत 1817 पासून), मग लाइमलाइट आणि शेवटी वीज. 1881 साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात सगळीकडे विजेचे दिवे आले. लाइमलाइट म्हणजे चुन्याचा कांडा, त्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजनची ज्योत. चुना तापून पांढराशुभ्र उजळतो. कांडा झिजत जायचा, म्हणून दिव्यामागे बसलेल्या माणसाला तो सतत फिरवत राहावं लागे. म्हणजे नटाबरोबर तोही प्रयोगभर काम करत होता, फक्त त्याचं नाव पत्रकावर नसायचं.

याच दालनात आगींचा भाग असतो. तो टाळू नका. व्हिएन्नाचं रिंगथिएटर 1881 च्या डिसेंबरात जळालं आणि शेकडो माणसं गेली. शिकागोच्या इरोक्वाय थिएटरात 1903 साली सहाशेहून अधिक. तिथला अग्निरोधक पडदा खाली येता येता अडकला होता. आज प्रेक्षागारात बाहेर ढकलली की उघडणारी दारं, लोखंडी पडदा, न विझणारे दिवे दिसतात, त्यांतलं बरंचसं अशा दुर्घटनांनंतरच सक्तीचं झालं.

पायदिव्यांचा, म्हणजे मंचाच्या पुढच्या कडेला खाली लावलेल्या दिव्यांचा, परिणाम समजून घ्यायचा असेल तर घरी अंधारात आरशापुढे बसा आणि हनुवटीखाली मोबाइलचा उजेड धरा. नाकाची सावली कपाळाकडे चढते, डोळ्यांखालचा भाग उजळतो. जुन्या छायाचित्रांत नटांच्या भुवया आणि गालांचे रंग एवढे भडक का, याचं उत्तर तिथेच मिळेल.

पोशाख आणि मुखवटे: मागे सरा, मग पुढे या

पोशाखांच्या खोलीत अंधुक वाटेल. कापडासाठी साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवायचा संकेत आहे. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या.

पहिली नजर दारातूनच टाका. पोशाखाचा आकार आणि रंग लांबून काय सांगतो? राजा, विदूषक, विधवा, जे असेल ते तिथून ओळखू यायला हवं, कारण शेवटच्या रांगेला तेवढंच दिसायचं. मग जवळ जा. जरतारी वाटलेलं काम दोरी चिकटवून वर सोनेरी रंग दिलेलं निघेल, हिरे म्हणजे मागे चांदीचा वर्ख लावलेली काच. 'अरे, हे तर खोटं!' असं वाटून हिरमुसू नका. लांबून खरं दिसावं यासाठी नेमकं कुठे आणि किती खोटं करायचं, हेच कपडेपट सांभाळणाऱ्याचं कसब. नंतर आतली बाजू दिसते का बघा. कॉलरला रंगाचे डाग, काखेत ठिगळ, सैल केलेली शिवण, एकावर एक लिहिलेली नटांची नावं. एकच झगा कितीजणांनी घातला हे त्यावरून कळतं.

एक पोशाख मुद्दाम सांगतो. एलेन टेरी या इंग्रज अभिनेत्रीने 1888 साली लेडी मॅकबेथ केली तेव्हा तिच्या हिरव्या झग्यावर सुमारे हजार भुंग्यांचे चमकते पंख शिवले होते. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, स्मॉलहाइदच्या तिच्या घरात तो जपलेला आहे. त्याच पोशाखातलं तिचं, चित्रकार सार्जंटने काढलेलं चित्र लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे. ज्या लायसियम थिएटरात हा प्रयोग झाला तिथे वीज सोडून वायूचे दिवे आणि लाइमलाइटच वापरत. हलत्या ज्योतीत ते पंख हलल्यासारखे चमकत असणार. स्थिर दिव्याखालच्या कपाटात ही गोष्ट आपणच डोक्यात घालून बघायची. झग्यापुढे उभं राहून डोकं हळूच डावी-उजवीकडे हलवा, थोडाफार अंदाज येतो.

मुखवट्यांचंही तेच. जपानी नो नाटकाचा मुखवटा कपाटात अगदी निर्विकार दिसतो. गुडघे वाकवून खालून बघा, मग टाचा उंचावून वरून. कोन बदलला की तेच लाकडी ओठ हसल्यासारखे किंवा खिन्न वाटतात. नट मान जराशी वर-खाली करून हेच साधतो. इथे मुखवटा हलत नाही, म्हणून आपण हलायचं. शेजारी कुणी विचित्र नजरेने बघेल, बघू दे. ग्रीक मुखवट्यांबद्दल एक सावधगिरी. नटांनी प्रत्यक्ष घातलेला एकही आज शिल्लक नाही, ते टिकणाऱ्या साहित्याचे नव्हतेच. संग्रहालयात दिसतात त्या मातीच्या किंवा दगडाच्या प्रतिमा.

कागद शेवटी, पण कागद टाळू नका

पाय दुखायला लागले की लोक पत्रकांपुढून नुसते चालत जातात. सगळी वाचायची नाहीतच. एकच घ्या आणि वरपासून खालपर्यंत वाचा. कुणाचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, नाटकाचं की नटाचं? रात्री किती वाजता सुरू, त्या एका संध्याकाळी किती खेळ? कित्येक जुन्या पत्रकांवर वार आणि तारीख असते, साल नसतंच. उद्या भिंतीवर लावायचा कागद, त्याला साल कशाला? अभ्यासक मग वार-तारीख जुळवून साल काढतात.

हिशेबाच्या वह्या मिळाल्या तर त्या कुठल्याही फलकापेक्षा बोलक्या. लंडनचा थिएटर-मालक फिलिप हेन्स्लो याच्या नोंदींत 1603 साली थॉमस हेवुड या लेखकाला एका नाटकाचे सहा पाउंड दिल्याचं दिसतं, आणि त्याच नाटकातल्या बाईच्या काळ्या मखमली झग्याला सहा पाउंड तेरा शिलिंग.

प्रॉम्प्टरची प्रत असेल तर छापील मजकूर सोडा, समास वाचा. कुठे घंटा, कुठे दिवे कमी, कुठली भाषणं काट मारून उडवली. प्रत्यक्ष काय घडलं ते तिथे आहे.

जुने चित्रफितीचे तुकडे लावलेले असतात. फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टचा 1900 सालचा हॅम्लेटच्या द्वंद्वाचा तुकडा हमखास कुठेतरी दिसतो. हातवारे अति वाटून हसू आलं तर लक्षात घ्या, ती सवय शेवटच्या रांगेसाठी कमावलेली होती आणि कॅमेरा चार हातांवर होता.

किरकोळ पण कामाच्या गोष्टी

दोन तास पुरतात, त्यापुढे डोळे थकतात. फ्लॅश कुठेही नको. काही ठिकाणी छायाचित्रालाच मनाई असते, कारण पोशाखाच्या रचनेचे हक्क कुणाकडे तरी असतात. मुलं बरोबर असतील तर आवाजाच्या यंत्रांपासून सुरू करा, कागदाच्या दालनात त्यांना नेऊच नका. जुन्या थिएटरात खुर्चीवर बसायची परवानगी असेल तर मध्यभागी सगळेच बसतात, तुम्ही कडेला जा.

एखाद्या प्रयोगाबद्दल खोलात जायचं असेल तर दालनाऐवजी अभिलेखागार गाठावं लागतं. बहुतेक मोठ्या संग्रहांत वाचनकक्ष असतो. नाटकाचं नाव, थिएटर आणि अंदाजे साल लिहून आधी वेळ मागून घ्या. 'जुन्या नाटकांचं काहीतरी दाखवा' असं म्हटलं तर कुणीही मदत करू शकत नाही. ओळखपत्र लागतं, पिशवी बाहेर ठेवावी लागते, शाईचं पेन चालत नाही, म्हणून दोन पेन्सिली न्या. एका वेळी एकच पेटी मिळते आणि पहिल्या पेटीत हवं ते निघेलच असं नाही, तेव्हा विनंतीच्या पत्रातच दुसऱ्या दिवसाची जागाही मागून ठेवा.